डावा कालवा, विलंबित लयीत

मराठीत नदीवर लिहिणाऱ्यांची वाण नाही. कालव्याच्या वाट्याला मात्र बातमी येते, निवेदन येतं, रास्ता रोको येतो आणि निवडणुकीच्या तोंडावर भाषण येतं. रसिक तेवढा येत नाही. खरं म्हणजे रसग्रहणाला नदीपेक्षा कालवाच जास्त लायक. नदीला कर्ता नसतो, कालव्याला असतो. कोणीतरी तो आखलेला असतो, वळण कुठं घ्यायचं ते ठरवलेलं असतं, एखाद्या ओढ्यापुढं माघार घेतलेली असते, कुठं हिशेब चुकलेला असतो. कृती म्हटली की तिच्या गुणदोषांकडे डोळे उघडे ठेवून पाहता येतं, आणि पाहायलाही हवं.

पैठणच्या नाथसागर जलाशयातून निघणारा जायकवाडी धरणाचा डावा कालवा ही अशी २०८ किलोमीटरांची कृती आहे. छत्रपती संभाजीनगर आणि जालना जिल्हे ओलांडून तो परभणी जिल्ह्यात येतो आणि पाथरी, मानवत करत परभणीकडं सरकतो. सरकारी कागदांत परभणीच्या वाट्याचा कालवा किलोमीटर १२२ पासून २०८ पर्यंत धरतात. म्हणजे मानवतकर वाचकाच्या हाती येतो तो या ग्रंथाचा उत्तरार्ध. सुरुवातीची ऐट, रुंदी, गर्जना सगळं मागं पैठणला. इथं उरतो तो शांत, काहीसा दमलेला, पण सगळ्यात जास्त सांगणारा भाग.

तो वाचायचा सायकलवरून. पुलावरून मोटारीनं गेलं तर कालवा डोळ्याचं पातं लवेतो मागं पडतो. पायी गेलं तर एका वळणातच ऊन चढतं. सायकलीचा वेग बरोबर मधला, शेजारच्या पाण्याशी नातं सांगणारा. अस्तर केलेल्या मोठ्या कालव्यात पाणी साधारण माणसाच्या चालीनं चालतं. निवांत पायडल मारणारा त्याच्या थोडा पुढं राहतो, चहाला थांबला की पाणी त्याला गाठतं, आणि दिवसभर ही मागंपुढं चालू राहते. ख्यालाच्या विलंबित लयीत गायक आणि ठेका एकमेकांना असेच सोडतात आणि समेवर भेटतात.

दिवस निवडावा रब्बीच्या आवर्तनातला, मार्गशीर्ष-पौषातला. परभणीची थंडी मराठवाड्यात नावाजलेली. सकाळी हँडल धरलेल्या बोटांना तिची ओळख पटते. ज्वारी पोटऱ्यात किंवा फुलोऱ्यात असते. कुठं ‘परभणी मोती’ असते, कुठं जुनी मालदांडी. हरभऱ्याला घाटे धरू लागलेले, तुरीच्या शेंगा वाळत आलेल्या, कापसाची शेवटची वेचणी झाडाला लटकलेली. मानवत हे कापसाचं गाव. जिनिंगकडं निघालेल्या गाड्यांतून उडालेले पांढरे पुंजके रस्त्याकडेच्या बाभळींना अडकतात आणि कालव्यापर्यंत वाट दाखवतात.

पाळीवर चढलं की पहिली जाणवते ती सपाटी. कालव्याच्या कडेचा हा कच्चा रस्ता खात्याच्या जीपसाठी, पाहणीसाठी केलेला. मुरूम, मधे गवताची रेघ, दोन्ही बाजूंना चाकोऱ्या. त्यावर सायकल जशी चालते तशी आपल्या कुठल्याच रस्त्यावर चालत नाही. चढ येत नाही, उतारही येत नाही. गियर नसलेल्या चोवीस इंची सायकलवरसुद्धा दम लागत नाही. हा आराम आपल्याला फुकट मिळतो. ज्यांनी तो घडवला त्यांना तो फार महाग पडलेला होता.

कालव्याच्या आखणीचं सारं कसब उताराच्या कंजूषपणात असतं. उतार जास्त दिला तर पाणी धावतं, माती खरवडतं आणि कालवा लवकर खाली येतो. मग त्याच्या वरची जमीन कोरडी राहते. उतार कमी दिला तर पाणी रेंगाळतं, गाळ बसतो, गवत माजतं. म्हणून मोठे कालवे पाच-दहा हजार मीटर चालून जेमतेम एक मीटर उतरतात. समजा उतार सात हजारांत एक आहे आणि आपण दिवसभरात पस्तीस किलोमीटर सायकल मारली. मधे पाण्याला खाली सोडणारा प्रपात नसेल तर एवढ्या वाटेत आपण उतरलो फक्त पाच मीटर, दीड मजला! पायांना हे कळत नाही, पण पाण्याला कळतं. पाण्याच्या या एका समजुतीवर २०८ किलोमीटरांचा डोलारा उभा आहे.

उंची अशी जपायची तर सरळ जाता येत नाही. जमिनीचा चढउतार पाहून, तिची समजूत काढत, वळसे घेत जावं लागतं. म्हणून कालवा नागमोडी. एखादं गाव उजवीकडं दिसतं, वळणानंतर समोर येतं, पुन्हा मागं जातं. देवळाचं तेच शिखर तीन दिशांनी भेटतं. घाईच्या माणसाला हा वेळेचा अपव्यय वाटेल. पण प्रत्येक वळण म्हणजे वाचवलेली वीतभर उंची, आणि वाचवलेली उंची म्हणजे पाण्याखाली आलेली जास्तीची जमीन. इथं वळण हा अलंकार नव्हे, अर्थच वळणात आहे.

याच मुलखात उताराचा असाच तिटकारा असलेली आणखी एक रेघ आहे, मनमाड–परभणी लोहमार्ग. निजामाच्या राजवटीत १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातून मीटरगेज रूळ आले. स्टेशन गावापासून दूर पडलं, म्हणून त्याचं नाव मानवत रोड. आगगाडीलाही चढ नको असतो, कालव्यालाही नको, सायकलस्वारालाही नको. तिघांना एकच मैदान मानवलं. उत्तरेला दुधना, दक्षिणेला गोदावरी आणि मधे ही काळी, सखल, कसदार जमीन.

ही काळी जमीनच या कृतीचं सामर्थ्य आणि तीच तिची अडचण. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते. अशा मातीवर काँक्रीटचं अस्तर घातलं की जमिनीच्या प्रत्येक श्वासासरशी ते वर-खाली होतं आणि तडकतं. यावर उपाय शोधला तो मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी. काळी माती आणि अस्तर यांच्या मधे न फुगणाऱ्या, चिकट मातीचा थर द्यायचा. इथं पाळीवर उभं राहून अस्तराकडं पाहावं. फरशांच्या सांध्यांतून गवत उगवलेलं, एखादी फरशी आत कललेली, कुठं पोट काढलेली. पाण्याच्या वर ओलसर काळा पट्टा. परवा पाणी याहून चार बोटं उंच होतं, असं तो पट्टा सांगतो. रेग्युलेटरच्या भिंतीवर रंगवलेली मोजपट्टी आकडा सांगते, हा पट्टा दिवसांची गोष्ट सांगतो.

इथं थोडं मागं जायला हवं. जायकवाडी हे ज्या गावाचं नाव, ते बीड जिल्ह्यातलं. हैदराबाद राज्याच्या काळात धरणाचा पहिला विचार तिथला होता. पुढं महाराष्ट्र झाला, जागा वर पैठणला सरकली. नाव तेवढं जुन्या जागेचं राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. पाटबंधारे खातं हाती असताना शंकरराव चव्हाणांनी या प्रकल्पाचा पाठपुरावा केला. उद्घाटनाच्या वेळी ते मुख्यमंत्री होते, आणि जन्मानं पैठणचेच. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या मातीच्या धरणाला २७ दरवाजे, साठवण १०२ टीएमसीच्या घरात. डाव्या कालव्याखाली १ लाख ४१ हजार ६४० हेक्टर भिजवायचे, असा बेत होता. मानवतच्या पाळीवरून सायकल मारताना हा आकडा सतत डोक्यात ठेवावा. आपल्या एका बाजूला जे पाणी चाललंय त्यावर एवढ्या शिवाराची मदार होती.

आता रचना. नदी उगमाशी बारीक असते आणि पुढं पुढं भरत जाते, ओढे-नाले तिला येऊन मिळतात. कालवा नेमका उलटा. तो उगमाशी सर्वांत भरलेला, आणि पुढं प्रत्येक पावलागणिक देत देत रोडावत जातो. मुखाशी डाव्या कालव्याची वहनक्षमता सेकंदाला सुमारे १०० घनमीटर, म्हणजे ३६०० क्युसेक. पुढं वितरिका फुटतात, वितरिकांतून लघुवितरिका, त्यांतून चाऱ्या, पोटचाऱ्या, शेवटी शेताच्या बांधावरची सारणी. पाथरीकडून परभणीकडं सायकल मारत गेलं की हा रोडावत जाणारा प्रवास डोळ्यांना दिसतो. पलीकडचा काठ जवळ येत जातो. सकाळी पलीकडच्या माणसाला हाक मारावी लागत होती, दुपारी नुसतं बोललं तरी ऐकू जातं. देत देत संपून जाण्यासाठीच काढलेली ही रेघ आहे. कालवा शेवटी कुठंच भव्य होत नाही, समुद्राला मिळत नाही. त्याची सांगता एखाद्या हरभऱ्याच्या वाफ्यात व्हावी, एवढीच त्याच्या कर्त्याची इच्छा.

या रचनेत विरामाच्या जागा आहेत. रेग्युलेटर आला की सायकल आपोआप थांबते. लोखंडी दरवाजे, त्यांचे उभे स्क्रू, स्क्रूवर काळं ग्रीस, ग्रीसला चिकटलेले कापसाचे तंतू. एका बाजूला पाणी तुंबून काचेसारखं स्थिर, दुसऱ्या बाजूला फेसाळत सुटलेलं. शेजारी चौकीदाराची खोली, बहुधा कुलूपबंद. मग जलसेतू येतो. आडव्या आलेल्या ओढ्यावरून कालवा चक्क पुलावर चढून जातो. खाली ओढ्यात म्हशी, वर म्हशींच्या डोक्यावरून वाहणारं पैठणचं पाणी, आणि दोन्हींच्या मधल्या कठड्याशी आपण! एकमेकांना छेद देणारी दोन पाणी एकमेकांना न भिजवता जातात. या कृतीतला सर्वांत देखणा प्रसंग हाच.

पुलांच्या पोटाशी पाकोळ्यांची मातीची घरटी. तारेवर वेडे राघू, कठड्यावर खंड्या, पाळीच्या मुरुमावर शेपटी हलवत पुढं पुढं पळणारा धोबी. कडेनं बाभळी, कडुनिंब, सुबाभूळ आणि सगळ्यांना पुरून उरलेली वेडी बाभूळ. तिच्या काट्याला दाद द्यायची ती पंक्चरचं सामान बरोबर ठेवून. पाणथळीत बेशरम आणि पाणकणसं. खालच्या अंगाला मधेच एक हिरवागार, पाणी साचलेला पट्टा लागतो आणि त्यात गायबगळ्यांचा थवा उतरलेला असतो. सायकलवरून दिसणारं हे सर्वांत रम्य दृश्य. पण जरा उतरून पाहिलं तर कळतं, हा पाझर आहे. तडकलेल्या अस्तरातून झिरपलेलं पाणी इथं साचून जमीन चिबड करत असतं. शेजारच्या विहीरवाल्याला तोच पाझर लाभतो, कारण त्याच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी राहतं. बगळ्यांना लाभतो, आपल्या डोळ्यांना लाभतो. आणि जितकं पाणी इथं मुरतं तितकं पुढं कुणाला तरी कमी पडतं. या कालव्याचं सौंदर्य आणि त्याची गळती पुष्कळदा एकाच जागी सापडतात. रसिकानं दोन्ही पाहायचं असतं.

अशा वेळी फ्रान्समधल्या कालव्यांची आठवण येते, कारण कालव्याकाठच्या निवांत सायकलफेरीचं जगभर मिरवलेलं चित्र तिकडचं. तुलूझपासून भूमध्य समुद्राच्या काठच्या खाडीपर्यंत गेलेला ‘कॅनाल द्यु मिदी’ २४० किलोमीटरांचा. पिएर-पॉल रिके नावाच्या, मिठाचा कर गोळा करणाऱ्या माणसानं तो १६६६ ते १६८१ मध्ये काढला. काम पुरं होण्याच्या काही महिने आधी तो वारला. तो कालवा नावांसाठी. पाणी तिथं जवळजवळ उभं असतं. उंची बदलायची तर दरवाजे बंद-उघडे करून नाव जिन्यासारखी चढवतात, उतरवतात. काठची वाट घोड्यांची, नावा ओढणाऱ्या. घोडे गेले, नावांतला माल गेला, आणि ती वाट सायकलींना मोकळी झाली. काठाच्या चिनार जातीच्या सुमारे ४२ हजार झाडांची सावली प्रसिद्ध. २००६ मध्ये त्यांना बुरशीचा रोग दिसला आणि हजारो झाडं तोडावी लागली. १९९६ पासून तो जागतिक वारसा आहे.

त्या काठावरचा आराम निवृत्तीचा आहे. कालव्याचं मालवाहतुकीचं काम संपलंय, आता तो मुख्यतः पाहण्या-फिरण्यासाठी. मानवतच्या काठावर तसा आराम नाही, कारण आपला कालवा अजून नोकरीत आहे. इथल्या शांततेखाली सतत एक विचारणा चालू असते: पाणी सुटलं का, किती सुटलं, कुठवर आलं? गावात कोणी ‘आवर्तन’ म्हणत नाही, म्हणतात ‘रोटेशन’. आणि कालव्याला म्हणतात कॅनॉल. ‘कॅनॉल सुटला’ या दोन शब्दांत पैठणचा साठा, सल्लागार समितीची बैठक, पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज, थकलेली पाणीपट्टी, इतकं सगळं येतं. त्याच्याही मागं वरच्या खोऱ्याशी चाललेला तंटा आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे सूत्र राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणानं २०१४ मध्ये ठरवून दिलं. शेजारून निमूट वाहणाऱ्या या पाण्याला इतक्या दालनांतून यावं लागतं.

पाळीवरच एक काळा प्लास्टिकचा पाइप आडवा दिसतो. एक टोक कालव्यात, दुसरं खाली शेतात. इंजिन नाही, मोटर नाही. पाइप पाण्यानं भरायचा, दोन्ही तोंडं दाबून धरायची, पाळीवरून टाकायचा आणि सोडायचा. बाहेरचं तोंड खाली असलं की पाणी आपोआप ओढलं जातं. याला डोंगळा म्हणतात. खात्याच्या लेखी ही चोरी, आणि चोरीच ती. पण उतार वाचवण्याचं जे शास्त्र कालव्याच्या आखणीत आहे, त्याच शास्त्राचा हा हातानं घडवलेला छोटा, बेकायदा नमुना आहे. वाचणाऱ्याला एकाच ठिकाणी कौतुक आणि राग दोन्ही वाटावेत, अशा जागा कालव्यात फार.

उन्हं कलतात तसं पाणी कमी होत जातं. एका वितरिकेच्या तोंडाशी खोरं टेकवून बसलेले एक वयस्क शेतकरी सायकल पाहून विचारतात, “काय पाहायलाव भाऊ?”

“काही नाही काका, कॅनॉल पाहत चाललोय.”

“कॅनॉलात काय पाहायचं? पाणी कुठवर आलंय ते पाहा अन् आम्हाला सांगा.”

यापेक्षा नेमका समीक्षक मिळायचा नाही. त्यांचं शेत टेलला. नियम असा की पाण्याची पाळी शेवटाकडून सुरू व्हावी, आधी टेल भिजावं, मग वर सरकत यावं. व्यवहार पुष्कळदा उलटा होतो. वरच्यांच्या दारातूनच पाणी येत असल्यामुळं वरच्यांचं आधी भिजतं, उसाला दुसरं पाणी होतं, तेव्हा खालच्याच्या हरभऱ्याला पहिलं मिळालेलं नसतं. पाणीवापर संस्थांना पाणी मोजून द्यायचं आणि वाटप शेतकऱ्यांच्या हाती ठेवायचं, असा कायदा २००५ मध्ये झाला. कागदावर तो चांगला आहे. चारीवर तो किती उतरला, हे पाहायला कार्यालयात जायची गरज नाही. चारीच्या शेवटच्या मोरीत ओल आहे की कोळ्याचं जाळं, एवढं वाकून पाहिलं की कळतं.

म्हणून या कृतीचं रसग्रहण करताना एक शिस्त पाळावी. पैठणच्या दरवाजांपाशी उभं राहून टाळ्या वाजवणं सोपं, जलसेतूवर थांबून भारावून जाणंही सोपं. सपाट पाळीवरची सुखाची सायकल तर आपल्याला त्यात लगेच सामील करून घेते. पण जो उतार आपल्या पायांना सुख देतो, तोच उतार पाण्याला शेवटपर्यंत नेण्यासाठी जपून ठेवलेला होता. वरच्या अंगाला गळती, डोंगळे, चुकलेली पाळी यांत ती जपलेली उंची खर्च झाली, तर आपण उपभोगलेला निवांतपणा कर्त्याच्या हेतूबाहेरचा, अर्धवट राहिलेल्या कामातून आलेला म्हणावा लागेल.

कोणाला ही फेरी करायची असेल तर सकाळी लवकर निघावं, प्यायचं पाणी आपलं न्यावं, शेवाळलेल्या अस्तरावर मुळीच उतरू नये. तिथून घसरलेल्याला वर यायला धरायला काही नसतं. पाळीवरून बैलगाडी आली तर उतरून वाट द्यावी, रस्ता तिचा आहे. एवढं पाळून शक्य तितकं खाली, टेलपर्यंत जावं. तिथं वाफ्यात पाणी पोचलेलं दिसलं तर या दोनशे आठ किलोमीटरांच्या कृतीला मनापासून दाद द्यावी. नाही दिसलं तर दाद राखून ठेवावी, आणि काकांनी विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर परत येताना त्यांना सांगावं.